मास्तरांचे पाय आणि माझा आवाज

मी एक जुना स्पीकर आहे आणि स्वस्थ बसणे मला जन्मापासून ठाऊक नाही. मित्रांनो, माझ्या काळ्या लाकडी खोक्याची जाळी काढून आत पाहिलेत, तर कागदाचा एक पसरट द्रोण दिसेल. हा द्रोण पुढे-मागे थरथरतो, तेव्हा आवाज येतो. तो थांबला की मी मुका. त्यामुळे मला कोणी ‘निवांत बस’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘गप्प बस’ एवढाच होतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. लांब टेबलापाशी बसलेल्या बायका कागदाचे द्रोण चिकटवत, त्यांत तारेची गुंडाळी बसवत आणि शेवटी प्रत्येक स्पीकर वाजवून पाहत. मला तपासणाऱ्या बाईंनी डोके तिरके करून माझा आवाज ऐकला आणि शेजारणीला म्हणाल्या, “हा बोलका आहे गं.” ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने भिंतभर फळ्या ठोकल्या होत्या. सगळ्यात वर शास्त्रीय, संथ गाणी, मधल्या फळीवर भावगीते आणि अगदी खाली, हाताशी, उडत्या चालीची गाणी. वरच्या फळीवर धूळ असे आणि खालच्या फळीपाशी गर्दी. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारले, “हे वर-खाली कोणी ठरवलं हो?”

“शिडीनं,” दुकानदार म्हणाला. “जे रोज काढावं लागतं ते खाली. रोज शिडी कोण चढणार?”

गिऱ्हाईक हसले आणि खालच्या फळीवरची दोन गाणी घेऊन गेले. पण दुपारी दुकानात कोणी नसले, की हाच दुकानदार शिडी लावून वरची तबकडी काढी, मला जोडी आणि डोळे मिटून बसे. गिऱ्हाईक आले की घाईघाईने ती काढून ठेवी. तेव्हापासून एक प्रश्न मला डाचू लागला. यांतले खरोखर चांगले कोणते? माझ्यातून तर दोन्ही जात होती. उडत्या गाण्याचा ठोका मला आतून ढकलत असे. संथ गाण्यातला लांबलेला सूर माझ्या कागदाला इतका बारीक कंप देई, की हललो की नाही तेच कळू नये. दोन्हींनी मी दमत असे, पण निरनिराळ्या तऱ्हेने.

पुढे लोक फोनवरच गाणी ऐकू लागले आणि दुकान बंद झाले. दुकानदाराची पाठ धरली होती, म्हणून तो रुग्णालयात व्यायामाला जात असे. तिथल्या ताईंना त्याने मला देऊन टाकले.

ती खोली मी कधी विसरणार नाही. एका भिंतीला मोठा आरसा, मधोमध धरून चालायच्या दोन लांब दांड्या, कोपऱ्यात रबरी चेंडू आणि फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या. हातपाय पुन्हा कामाला लावायला लोक तिथे येत. ताई त्यांच्याकडून व्यायाम करून घेत, म्हणून सगळे त्यांना व्यायामताई म्हणत. त्या खोलीइतकी अस्वस्थ जागा मी दुसरी पाहिली नाही. बाकावर बसलेला प्रत्येक जण घड्याळाकडे पाहत असे. कोणाला कामावर परतायचे असे, कोणाला घरी, आणि कोणालाही इथे यायचेच नसे.

अशा खोलीत एके सकाळी मास्तर आले.

मास्तर म्हणजे गाण्याचे शिक्षक. शिडशिडीत बांधा, कडक इस्त्रीचे कपडे, आणि उजवा हात सारखा कापत असलेला. त्यांना कंपवात झाला होता. या आजारात हात नुसता थरथरत नाही, मित्रांनो. कधीकधी पायही ऐकेनासे होतात. माणूस चांगला चालत येतो आणि दारापाशी त्याचे पाऊल फरशीला चिकटल्यासारखे होते. पुढे जायचे मनात असते, पण पाय जागचा हलत नाही. मास्तर असेच स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर अडकले आणि तोल जाऊन पडले होते.

ते वरच्या मजल्यावर एकटे राहत. त्यांचे शिष्य तिथेच शिकायला येत. त्यांच्या लेकीचे घर तळमजल्यावर होते. “बाबा, माझ्याकडे चला,” असे ती कितीदा म्हणाली होती. पण मास्तर तयार नव्हते, कारण तिचा नवरा लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. घरीच त्याची तालीम चाले.

“त्या धांगडधिंग्यात राहण्यापेक्षा मी जिन्यावरून पडलेलं बरं,” मास्तर लेकीला म्हणाले होते. तिने ताईंना हे सांगितले, तेव्हा ती हसली होती, पण डोळ्यांत पाणी होते.

डॉक्टरांनी मुदत घालून दिली होती. व्यायाम पुरे झाले, की ते स्वतः येऊन पाहणार. मास्तर दारातून न अडखळता जाऊ-येऊ लागले तर ठीक, नाहीतर एकट्याने राहणे बंद. शिष्यही बंद, शिकवणेही बंद.

पहिल्याच दिवशी ताईंनी मला फोन जोडला आणि नेहमीचे उडत्या चालीचे गाणे लावले. त्याचा ठोका ठळक होता. ठोक्याला पाऊल टाकायचे, एवढेच काम. मास्तरांनी दांड्या घट्ट धरल्या.

“हे बंद करा,” ते म्हणाले.

“मास्तर, ठोक्यामुळे पाय सुटतो. बऱ्याच जणांचा सुटलाय.”

“सुटत असेल. मग शिट्टी वाजवा. पाय शिट्टीवरही सुटेल, म्हणून शिट्टी थोर होत नाही. आणि संगीतात थोर-लहान असतं, ताई. नसतं म्हणणाऱ्यानं नीट ऐकलेलं नसतं. एक गाणं शिकायला अर्धं आयुष्य जातं, शंभरदा ऐकलं तरी त्यात नवं काही सापडतं. दुसरं एकदा ऐकलं की संपलं. दोन्हींना एकाच तागडीत कसं घालायचं?”

“मला गाण्यातलं कळत नाही,” ताई म्हणाल्या. “पण तुम्ही पडलात, तर तुमच्या गाण्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

दोघेही माझ्याकडे पाहू लागले, जणू निकाल मी देणार होतो. मला दोघांचेही पटत होते आणि म्हणूनच माझ्या मनाची घालमेल झाली.

ताईंनी गाण्याऐवजी नुसती टिकटिक लावून पाहिली. मास्तर चालले, थोडा वेळ नीट चालले. मग ते स्वतःहून थांबले आणि बाकावर बसले. “घड्याळाच्या काट्यासारखं चालवताय मला,” एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी लेक त्यांना जवळजवळ ओढूनच घेऊन आली.

त्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या गाण्याची जुनी ध्वनिफीत आणि ती वाजवायला टेपरेकॉर्डर आणला होता. “चालायचंच असेल, तर यावर चालेन,” ते म्हणाले. ताईंनी तो मला जोडून ती लावली. मास्तरांच्या तरुणपणचा आवाज माझ्यातून बाहेर पडला आणि खोली बदलून गेली. बाकावरचे लोक घड्याळ विसरले. आरशापुढे हात वर-खाली करणाऱ्या बाईंचा हात हवेतच राहिला. स्वर एकेक पायरी चढत होता, वळत होता, पुन्हा खाली येत होता.

आणि मास्तर दोन दांड्यांच्या मधोमध उभे राहिले होते. एक पाऊलही पुढे पडत नव्हते.

“चला ना, बाबा,” लेक हळूच म्हणाली.

गाणे संपल्यावर मास्तर म्हणाले, “जन्मभर मी शिष्यांना एकच गोष्ट सांगत आलो. खरं गाणं कोणतं, तर जे ऐकून चालता माणूस जागच्या जागी थांबतो.” ते स्वतःच्या पायांकडे पाहत होते. “आता मला थांबायचं नाहीये गं.”

तेवढ्यात पडद्यामागून मोठ्या घोरण्याचा आवाज आला. तिथल्या खाटेवर मान आणि खांदे शेकायला निजवलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. दांडगा, बडबड्या, सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याचे खांदे लाकडासारखे ताठरलेले असत आणि ताईंनी कितीही सांगितले तरी त्याला ते सैल सोडता येत नसत. आज तो गाढ झोपला होता.

त्याला उठवल्यावर मास्तर चिडून म्हणाले, “माझ्या गाण्यावर घोरणारे तुम्ही पहिलेच.”

“माफ करा, मास्तर,” उस्ताद डोळे चोळत म्हणाला. “पण मला कुठंतरी पोचायचंय हेच विसरायला झालं. असं कधी होत नाही हो. ते परत लावता येईल का?” मग जरा विचार करून म्हणाला, “गाडीत मात्र नाही लावणार. अजून जगायचंय मला.”

मास्तरांना राग यावा की हसू यावे ते कळेना. पण जाताना त्यांनी ध्वनिफीत टेपरेकॉर्डरसकट ताईंच्या टेबलावर ठेवली. “त्यांच्या खांद्यांसाठी,” म्हणाले. त्यानंतर उस्तादाच्या शेकाच्या वेळी ती रोज वाजे. खांदे हळूहळू सैल पडू लागले. मास्तरांचे पाय मात्र तसेच होते आणि डॉक्टरांचा दिवस जवळ येत होता.

अशात एक दिवस लेकीला कामावरून सुटी मिळाली नाही आणि मास्तरांना घेऊन जावई आला. सासरे-जावयांत बोलणे जेमतेमच होते. जावई त्यांना कोणत्याच नावाने हाक मारत नसे, ‘अहो, ऐका ना’ एवढ्यावर भागवत असे. त्याने बाकावर बसून सगळा प्रकार पाहिला. मास्तर नाइलाजाने उडत्या गाण्यावर चालायचा प्रयत्न करत होते, पाय सुटत होता, पुन्हा अडकत होता.

“अहो, ऐका ना,” जावई म्हणाला, “हे गाणं तुमच्या पावलापेक्षा पळतंय. तुम्ही त्याच्या मागे धावताय.”

“मग काय करू? त्याला थांब म्हणू?” मास्तर म्हणाले.

“मी वाजवून आणतो. तुमच्या पायाच्या गतीनं.”

मास्तर नाही म्हणाले नाहीत. हो सुद्धा म्हणाले नाहीत. जावयाने तेवढ्यावर काम चालवले.

पुढच्या वेळी त्याने फोनमध्ये ठेका भरून आणला. मास्तरांनी तो क्षणभर ऐकला आणि मान हलवली. “हा मेलेला आहे, जावईबापू. संथ म्हणजे सुस्त नव्हे. आणि दुसरा ठोका तुम्ही घाईनं मारताय, दर वेळी.”

जावयाचा चेहरा उतरला. त्याने तो ठेका पुन्हा लावला, पुन्हा ऐकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “खरंय. बँडमधे आजवर कोणी सांगितलं नाही.”

मग तो सरळ फरशीवर बसला आणि मास्तरांच्या टाचांकडे पाहू लागला. त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावले, अडकले तिथे थांबू दिले, पुन्हा चालायला लावले. आपल्या मांडीवर बोटांनी तो काहीतरी वाजवून पाहत होता.

“पाऊल उचलण्याआधी तुमची टाच जरा घुटमळते,” तो शेवटी म्हणाला. “तिथं मी जागा सोडायला हवी. ठोका तिच्या अंगावर पडता कामा नये.”

मास्तर दांडीला टेकून उभे राहिले. “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. लग्नात म्हातारी माणसं नाचायला उठतात ना, त्यांच्या पायांकडे बघून वाजवावं लागतं. नाहीतर ती बिचारी लगेच बसतात.”

“मी मुलांना शिकवतो, शब्दाच्या आधी श्वासाला जागा ठेवा,” मास्तर म्हणाले. “वर्ष-वर्ष सांगावं लागतं.” मग त्यांना वाटले असावे, की आपण फारच मऊ बोललो. लगेच म्हणाले, “पण दुसरा ठोका सुधारा.”

तेव्हापासून त्या दोघांचे रोज वाजू लागले, दोन्ही अर्थांनी. जावई नवा ठेका आणी, मास्तर त्यात चूक काढीत, जावई वाद घाली आणि या वादात मास्तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी जाऊन येत ते त्यांनाही समजत नसे. जावई आता त्यांना इतरांसारखा ‘मास्तर’ म्हणू लागला होता. ठेका वाजवताना मी मात्र हैराण होत होतो. इतकी वर्षे ठोके खाऊन माझा कागद कडेला विरला होता आणि प्रत्येक ठोक्याला आत काहीतरी ताणले जात होते. मी थरथरत वाजत राहिलो.

डॉक्टर आले त्या सकाळी खोलीत सगळे होते. लेक हातात बापाची पिशवी घेऊन भिंतीला टेकली होती. पडदा बाजूला सारून उस्ताद खाटेवरून पाहत होता. ताईंनी ठेका लावला. मास्तर दांड्यांशिवाय निघाले आणि दाराच्या दिशेने व्यवस्थित चालत गेले.

ते दारापाशी पोचले आणि माझा कागद फाटला.

ठोक्याच्या जागी नुसती फरफर ऐकू येऊ लागली. ताईंनी धावत येऊन मला बंद केले. तोवर मास्तरांचा पाय उंबऱ्यापाशी चिकटला होता. त्यांचे अंग पुढे झुकले, हात जोराने कापू लागला.

“कोणी धरू नका,” ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. लेकीने पिशवी छातीशी घट्ट धरली. जावयाने टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले, पण मास्तरांनी त्याच्याकडे न पाहताच मान हलवली. नको.

आणि मग मास्तर गाऊ लागले. ज्या आवाजासाठी शिष्य लांबून येत, त्या आवाजात ते म्हणाले, “ढिंग… चिक. ढिंग… चिक.” त्यात थट्टा नव्हती. प्रत्येक अक्षर सुरात होते आणि टाच घुटमळते तिथे नेमकी जागा सोडलेली होती. दुसरा ठोका घाईत नव्हता. मास्तरांचे पाऊल सुटले. ते उंबरा ओलांडून बाहेर गेले, व्हरांड्यात वळले आणि परत यायला निघाले. उत्साहाच्या भरात उस्तादाने खाटेवरून साथ धरली.

“तुम्ही गप्प बसा,” मास्तर न थांबता म्हणाले. “ताल चुकतोय.”

आणि ते आत आले.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. जिना चढता-उतरताना सोबत कोणीतरी हवे. ते काम जावयाने अंगावर घेतले. लेक नंतर ताईंना सांगत होती, की आता जिन्यावर रोज भांडण असते, शेजारी दार उघडून ऐकतात आणि बाबांना जिना चढायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण मुद्दा पटवायला ते मधेच थांबतात.

दर काही दिवसांनी मास्तर तपासणीला येतात. एकदा ताईंनी विचारले, “काय मास्तर, बदललं का मत?”

“नाही. माझं गाणं मोठंच आहे. मोठं आहे म्हणून ते मला सगळीकडे पुरेल, असं समजत होतो. ते तेवढं चुकलं.” मग जावयाकडे बोट दाखवून म्हणाले, “याचं लहानच आहे, हे मी अजूनही म्हणतो.”

“म्हणा, मास्तर,” जावई दार उघडत म्हणाला. “फक्त चालत म्हणा.”

माझी गोष्ट मात्र तितकी गोड नाही. माझ्या जागी नवा, मुठीएवढा स्पीकर आला. मला कपाटावर चढवले गेले. पाठीशी कापसाची खोकी आली, डोक्यावर कोणीतरी झाडाची कुंडी ठेवली. ताई कामाच्या रगाड्यात असतात, त्यांना मी दोष देत नाही. पण उंचावरून सगळे दिसते, ऐकू येते आणि बोलता येत नाही, यासारखी तगमग नाही. माझ्या मनातला प्रश्नही सुटलेला नाही. कधी वाटते, मास्तर बरोबर आहेत, काही गाण्यांत खरोखरच जास्त काही भरलेले असते. कधी जावयाचा तो ठेका आठवतो आणि वाटते, त्यात तरी काय कमी होते? इतके मात्र मला पक्के ठाऊक आहे, की मन न लावता वाजवलेले गाणे मी लगेच ओळखायचो आणि ते सगळ्याच प्रकारांत असायचे.

आज सकाळी पायाला प्लास्टर लावलेली एक शाळकरी मुलगी आली. ताईंना विचारून तिने आपले आवडते गाणे लावले. किंकाळ्या, खरखर आणि मधेच कोणीतरी भराभर बोलत असलेले. असले काही माझ्यातून कधी गेले नव्हते. बाकावर मास्तर बसले होते. त्यांचे तोंड कडू औषध प्यायल्यासारखे झाले. मला वाटले, आता हे बंद करायला सांगणार. त्यांनी आपली काठी बाजूला घेतली, थोडे सरकून तिला शेजारी जागा करून दिली आणि म्हणाले, “मला हे मुळीच आवडलेलं नाही. पण यात ऐकायचं काय असतं, ते सांग बरं.”

मुलगी सांगू लागली. मास्तर कान देऊन ऐकत होते आणि मधूनमधून तिच्याशी वाद घालत होते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. एखादे गाणे तुम्हाला हलके वाटले तर खुशाल वाटू द्या, तसे बोलूनही दाखवा. पण नाक मुरडून उठून जाण्याआधी, ज्याला ते आवडते त्याच्याशेजारी बसून त्यालाच एकदा विचारा. आणि तुमच्या घरी कपाटावर माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर त्याचा कागद बदलून घ्या. सोपे काम आहे. तोवर निदान त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका. पाणी झिरपते.